न वटणारी चिठ्ठी

उन्हाळा तोंडावर आला की इस्लामपुरातल्या मेडिकल दुकानांत एक वेगळे गिऱ्हाईक दिसू लागते. (गावाचे नाव ईश्वरपूर करण्याचे सरकारने २०२५ साली जाहीर केले; पण या गिऱ्हाइकांच्या पासपोर्टावर जन्मस्थळ इस्लामपूरच आहे.) पासष्टीच्या पुढचे जोडपे, हातात कापडी पिशवी. बी.पी.च्या गोळ्या सहा महिन्यांच्या, शुगरच्या सहा महिन्यांच्या, थायरॉईडच्या बाटल्या, शिवाय 'असू द्यावे जवळ' म्हणून अँटिबायोटिकचे दोन कोर्स. मुलगा न्यू जर्सीत नाहीतर टेक्सासात. नातवंड झालेले असते किंवा व्हायचे असते. राजारामनगरचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ साली निघाले. तिथून आणि पुण्या-सांगलीहून शिकून गेलेली वाळवा तालुक्यातली मुले तिकडे स्थिरावली आणि इकडे त्यांचे आईबाप म्हातारे झाले.

अडचण इथून सुरू होते. पाहुण्याला अमेरिकेत सर्वसाधारणपणे सहा महिने राहू देतात. स्वतःच्या वापरासाठी आणलेल्या औषधांबाबत मात्र तिथल्या औषध प्रशासनाचा प्रघात तीन महिन्यांच्या साठ्याचा आहे. म्हणजे मुक्काम सहा महिन्यांचा आणि शिधा तीन महिन्यांचा. बहुतेकांना विमानतळावर कोणी विचारत नाही, हे खरे. पण 'बहुतेकांना' या शब्दावर म्हातारपणी किती विसंबायचे?

माझा जन्म बँकेत गेला, त्यामुळे मला हा प्रश्न वटणावळीचा वाटतो. मिरजेच्या शाखेवरचा चेक गुवाहाटीला जमा होतो, कारण दोन्ही बाजूंना एकमेकांची सही मान्य असते. डॉक्टरांच्या चिठ्ठीचेही देशात तसेच आहे. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय काढले. तेव्हापासून अथणी, बेळगाव, विजापूरकडचे रोगी मिरजेला येतात आणि चिठ्ठी घेऊन गावी परततात. सीमाप्रश्न कितीही पेटला, तरी अथणीच्या दुकानदाराने मिरजेची चिठ्ठी कधी परत केलेली नाही. तीच चिठ्ठी सहारच्या विमानतळापलीकडे मात्र नुसता कागद होते. अमेरिकेतला औषधविक्रेता भारतातल्या डॉक्टरच्या सहीवर औषध देऊ शकत नाही. तिथल्या डॉक्टरकडे जायचे, त्याची फी भरायची, त्याने नव्याने लिहून द्यायचे, मग गोळी.

गंमत अशी, की ती गोळी पुष्कळदा आपल्याकडचीच असते. गोव्यात वेर्ण्याला सिप्ला आणि ल्युपिन यांचे कारखाने आहेत. अमेरिकेचे निरीक्षक ते येऊन तपासतात आणि तिथला माल तिकडच्या दुकानांत जातो. गोळी सुखरूप पोचते, आणि ती घ्यावी असे लिहिणारा कागद अडतो. तिथे गोळ्या महाग असतात, हीही सरसकट खरी गोष्ट नाही. वॉलमार्टने २००६ साली नेहमीची कित्येक जेनेरिक औषधे महिन्याला चार डॉलरांत द्यायला सुरुवात केली. महाग आहे तो डॉक्टरचा उंबरठा. प्रवासी विम्यातून आधीपासूनच्या दुखण्याचा खर्च सहसा मिळत नाही, आणि आपल्या वयात 'आधीपासूनचे' नसलेले दुखणे उरतेच कुठे?

माझ्या ओळखीचे एक निवृत्त शिक्षक २०२० च्या मार्चमध्ये मुलाकडे होते. त्यांच्या हृदयात धातूची झडप बसवलेली आहे. रक्त पातळ ठेवण्याची गोळी चुकवणे म्हणजे गुठळीला आमंत्रण. विमाने बंद झाली, परतीची तारीख गेली आणि पिशवीचा तळ दिसू लागला. ते घेत होते ती ॲसेनोकुमेरॉल आपल्याकडे सर्रास मिळते. अमेरिकेत ती विकलीच जात नाही. तिथे वॉरफरिन चालते. दोन्ही औषधे एकाच कुळातली; पण एका मिलिग्रॅमला एक मिलिग्रॅम असा हिशेब तिथे लागू पडत नाही. ऐन साथीत पुन्हा पुन्हा रक्त तपासून नवे प्रमाण बसवावे लागले. ते सुखरूप परतले. पण ते तीन आठवडे मुलाच्या घरात कोणी नीट झोपले नाही.

नावांचा घोळ निराळाच. आपले पॅरासिटामॉल तिकडे ॲसिटामिनोफेन, दम्याच्या पंपातले साल्ब्युटामॉल तिकडे अल्ब्युटेरॉल. मधुमेहावरचे ग्लिक्लाझाइड किंवा विल्डाग्लिप्टिन अमेरिकन दुकानात मागून मिळणार नाही. त्यात आपल्याला एका गोळीत दोन-तीन औषधे कोंबण्याची हौस. अशा ३४४ मिश्रणांवर केंद्राने मार्च २०१६ मध्ये बंदी घातली, ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी १५६ वर. उरलेली मिश्रणे परक्या डॉक्टरपुढे ठेवली तर तो पाकिटाकडे नुसता पाहत राहतो.

आखाताकडे जाणाऱ्यांचा मामला याहून गंभीर. तिथे प्रश्न खर्चाचा उरत नाही, तुरुंगाचा होतो. ट्रॅमाडॉल ही दुखण्यावरची गोळी, कोडीन असलेले खोकल्याचे औषध, पायांच्या जळजळीवर मिळणारे प्रीगाबॅलिन ही संयुक्त अरब अमिरातीत नियंत्रित औषधे आहेत. आगाऊ परवानगी लागते. (ट्रॅमाडॉल आपल्याकडेही २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्यात आले आहे.) फार काय, अनारशावरची खसखससुद्धा तिथे निषिद्ध! 'कुणाच्या तरी हाती' पुडके धाडण्याची आपली जुनी चाल आहे. पण पुडके ज्याच्या हातात सापडते, जाब त्यालाच द्यावा लागतो. पैसा आणि हुद्दाही इथे उपयोगी पडत नाही. टोयोटा कंपनीच्या एका अमेरिकन वरिष्ठ अधिकारी बाई २०१५ साली जपानमध्ये पकडल्या गेल्या, त्या टपालाने मागवलेल्या ऑक्सिकोडोनच्या गोळ्यांवरून. खटला भरला गेला नाही, पण नोकरी गेली.

हे सगळे देशादेशांच्या सार्वभौमत्वाचे प्रश्न आहेत, असे म्हणून हात झटकता येतील. पण युरोपीय संघाने २०११ साली निर्देश काढून एका सदस्यदेशातली चिठ्ठी दुसऱ्या देशात ग्राह्य धरली. पैशाच्या बाबतीत आपणही मागे नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपले यूपीआय श्रीलंका आणि मॉरिशसमध्ये सुरू झाले. अमिरातीशी २०२२ साली केलेल्या व्यापार करारात भारतीय औषधांना तिकडे लवकर मान्यता मिळावी अशी तरतूद आहे. औषध करणाऱ्याचा विचार झाला, घेणाऱ्याचा राहिला. जुनाट दुखण्यांची पंचवीस-तीस बिननशेची औषधे निवडून तेवढ्यांपुरती चिठ्ठी परस्परांनी मानावी, एवढी मागणी आपले सरकार पुढच्या करारात का करत नाही? लाखो माणसे आखातात राबतात; त्यांच्यासाठी तरी.

मात्र वटवायला आधी चिठ्ठी हवी, आणि आपली खरी लाज तिथे आहे. पाकिटावर चिठ्ठीशिवाय विकू नये असे छापलेले असते, आणि आपण रिकामे पाकीट दाखवून दहा-दहा वर्षे तीच गोळी घेतो. औषधाचे मूळ नाव सुवाच्य, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावे, असा डॉक्टरांसाठी नियम २०१६ साली झाला. किती चिठ्ठ्यांवर ते दिसते, हे वाचकांनी स्वतःच्याच कपाटात पाहावे.

टपालाचा भरवसाही सांगता येत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने जकातीचे नियम बदलले, आणि आपल्या टपाल खात्याने तिकडची पार्सले ऑक्टोबरपर्यंत थांबवली. खासगी कुरियरवालेही औषधे घेताना बिल आणि चिठ्ठी मागतात. म्हणजे फिरून तोच कागद.

आमच्याकडचा एक दुकानदार आता परदेशी निघालेल्यांना औषधांची मूळ नावे, मात्रा आणि दिवसांचा हिशेब इंग्रजीत छापून देतो. गोळ्या पाकिटातच ठेवा, इन्सुलिन हातातल्या बॅगेत ठेवा, खालच्या सामानात ते गोठते, असे बजावतो. त्याचे पैसे घेत नाही. कागदाच्या तळाशी डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांक यांसाठी जागा मोकळी असते. 'तेवढे घेऊन या' असे तो प्रत्येकाला सांगतो. दवाखान्यातली रांग बघून निम्मे लोक तसेच विमानतळावर जातात.