लोहाराला शाल नको, दाम द्या



उत्पादन खर्च भरून निघेल असा भाव द्या म्हणून आपण कापसासाठी रस्त्यावर उतरतो. घामाचे दाम मागतो. आणि गावच्या लोहाराच्या भट्टीपुढे उभे राहिलो की काय करतो? "एवढ्याशा लोखंडाचे एवढे पैसे?" म्हणून घासाघीस करतो. वखराची पास पाजवून घेतो आणि "कापूस विकला की देतो" असे सांगून निघून येतो. व्यापारी आपल्याशी जसा वागतो, तसेच आपण लोहाराशी वागतो. मग त्याचे पोरगे भाता सोडून शहरात चौकीदारी करायला गेले तर दोष कोणाचा?

कोणी म्हणेल, ट्रॅक्टर आला, तणनाशक आले, आता लोहार कशाला? माझा त्यांना सवाल आहे. ज्वारीची सवंगणी कशाने करता? पऱ्हाटी कशाने तोडता? सरकीच्या बुंध्याजवळचे तण तुमच्या बायका कशाने काढतात? विळा, कुऱ्हाड आणि खुरपे. विळा बोथट असला की शेतमालकाला कळत नाही. दिवसभर वाकून कापणाऱ्या बाईच्या मनगटाला कळते.

बाजारातला स्वस्त विळा बहुधा साध्या पत्र्याचा असतो. त्या लोखंडात कार्बन पाव टक्क्याहून कमी. त्याला कितीही तापवा, कितीही पाण्यात बुडवा, ते कडक होत नाही. जाणता लोहार ट्रकच्या जुन्या कमानीचा पाटा घेतो. त्यात कार्बन अर्ध्या टक्क्याच्या वर असतो. तो लाल तापवून, घडवून, लोहचुंबक चिकटेनासा झाला की तेलात विझवतो. आता पाते काचेसारखे कडक, पण ठिसूळ. म्हणून ते घासून पुन्हा मंद आंचेवर धरतो. पात्यावर आधी कडब्याचा पिवळा रंग चढतो, मग तपकिरी, जांभळा, शेवटी निळा. कोणत्या हत्याराला कोणत्या रंगावर थांबवायचे, हे त्याच्या डोळ्यात आहे. यालाच आपण पाणी देणे म्हणतो. मी शेतीची पदवी घेतली. जमिनीचा सामू शिकलो, खताच्या मात्रा शिकलो. विळ्याचे पाणी मात्र त्या अभ्यासक्रमात नव्हते. ही विद्या म्हाताऱ्या कारागिराबरोबर गेली, तर ती कोणत्याही कचेरीतून परत मिळणार नाही.

आता हिशेब मांडा. समजा बाजारचा विळा 80 रुपयांचा आणि एक हंगाम टिकला. पाच हंगामांचे 400 रुपये. लोहाराचा 200 चा, आणि चार वेळा 20 रुपये देऊन पाजवला, तर 280. महाग कोणता? आकडे आपापल्या गावचे घाला आणि स्वतः ताडून पाहा.

वर्ध्याला हा प्रश्न नवा नाही. 1934 साली इथेच अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला, कुमारप्पांनी तो चालवला. 1938 साली मगन संग्रहालय उघडले. संग्रहालय असावे. पण लोहार त्यात ठेवण्याची वस्तू नव्हे. शाल-श्रीफळ देऊन भट्टीत कोळसा पडत नाही.

सरकारचे काय? 2023 साली विश्वकर्मा योजना आली. अवजारांसाठी 15 हजार, बिनतारण कर्ज, पाच-सात दिवसांचे प्राथमिक प्रशिक्षण. कारागिराने ते जरूर घ्यावे, त्याचा हक्क आहे. पण पाच-सात दिवसांत लोहार घडत नाही, आणि गिऱ्हाईक नसेल तर कर्ज म्हणजे आणखी एक फास. दुसरीकडे, विळ्या-खुरप्यावर जीएसटी शून्य, पण ज्या नव्या पोलादातून ती घडतात त्यावर 18 टक्के. विक्रीवर कर नाही म्हणून भरलेला कर परतही मिळत नाही. भूगावला पोलादाचा एवढा मोठा कारखाना, आणि आमच्या लोहाराने भंगाराच्या दुकानात पाटे हुडकायचे!

म्हणून या बैठकीपुढे माझा प्रस्ताव आहे. प्रत्येक तालुक्यात एक छोटा कारखाना उभा राहावा. विजेचा पंखा, यांत्रिक घण, एक जाणता कारागीर, सोबत एक हाताखालचा आणि दोन शिकाऊ पोरे. पोर लोहाराचेच हवे असा हट्ट नको. ज्याच्या हातात कसब, त्याची विद्या. वीस गावांनी गावामागे 50 विळे आणि 50 खुरपी मागवली, तर 2000 नग झाले. माघापासून मिरगापर्यंत शंभर दिवस काम, रोज वीस नग. हा धंदा आहे, दान नव्हे.

त्यासाठी आपण तीन गोष्टी करायच्या. मागणी उन्हाळ्याआधी लेखी द्यायची आणि निम्मे पैसे आगाऊ. दर कारागिराच्या खर्चावर ठरवायचा, उधारी बंद. आणि प्रत्येक पात्यावर कारागिराचा शिक्का; पाते वाकले किंवा तुटले तर त्याने बदलून द्यायचे. सरकारकडे मागणी एकच: हाताच्या शेती अवजारांसाठी घेतलेल्या पोलादावरचा कर परत करा.

ज्याला दुसऱ्याच्या घामाचे दाम देता येत नाहीत, त्याला स्वतःच्या घामाचे मागता येत नाहीत. ठराव मांडला आहे. पटत असेल त्यांनी हात वर करावा, आणि गावी गेल्यावर आधी लोहाराची जुनी उधारी चुकती करावी.