आकडा बरोबर, पण माप कोठे?

गणिताच्या उत्तरपत्रिकेत उत्तरापुढे एकक लिहिले नाही म्हणून गुण कापले, की काही पालक नाराज होतात. "आकडा तर बरोबर आहे ना?" असा त्यांचा प्रश्न असतो. आमचे मत स्पष्ट आहे : मापावाचून आकडा बरोबरही नसतो आणि चूकही नसतो, तो अर्धवट असतो. संगणकाच्या या युगात तर अशा अर्धवट आकड्यांचा सुळसुळाट झाला आहे.

माळव्यातील आपणां मराठी मंडळींस मापांचा इतिहास परका नाही. देवासच्या एकाच गावात पवारांच्या थोरल्या आणि धाकट्या पातीची दोन राज्ये नांदत होती. १८८८ साली दोन्ही पात्यांच्या नावे तांब्याचा पाव आणा निघाला. धार संस्थानाची तांब्याची नाणी त्याच्या आदल्याच वर्षाची. नावे तीन, पण असे चौसष्ट पाव आणे म्हणजे एक रुपया, हे प्रमाण एकच. नावे वेगळी आणि माप एक असले, तर हिशेब अडत नाही. अडचण होते ती नाव एक आणि मापे दोन असली म्हणजे. आमची मातृभाषा कोंकणी. गोव्याकडे जुन्या लोकांच्या तोंडी खंडी म्हणजे भाताचे वीस कुडव. देशावर खंडी म्हणजे वीस मण. शब्द तोच, धान्याची रास मात्र निराळी.

संगणकाच्या जुन्या सामानात नेमकी हीच गोष्ट आढळते. घरच्या कपाटात सीडी वाचणारा ड्राइव्ह पडून असेल, तर त्यावर '५२ एक्स' असे छापलेले असण्याचा संभव आहे. डीव्हीडीच्या ड्राइव्हवर '१६ एक्स' दिसेल. यांतील अधिक वेगवान कोणता? विद्यार्थी चटकन 'बावन्न' म्हणतील. पण ते चूक आहे.

एक्स म्हणजे पट. पण कशाची पट? सीडी १९८२ साली बाजारात आली ती गाण्यांसाठी. गाणे जसेच्या तसे ऐकू यावे म्हणून तबकडी ज्या वेगाने वाचावी लागते, ती एक पट. त्या वेगाने सेकंदाला ७५ कप्पे वाचले जातात व प्रत्येक कप्प्यात माहितीचे २,०४८ बाइट असतात. गुणाकार केला की १,५३,६०० बाइट होतात. त्याची बावन्न पट म्हणजे सेकंदाला सुमारे ८ मेगाबाइट. आणि तोही कमाल वेग, तबकडीच्या बाहेरच्या कडेशी मिळणारा. डीव्हीडीची एक पटच मुळी सुमारे १३,८५,००० बाइटांची आहे. तिची सोळा पट सुमारे २२ मेगाबाइट भरते. म्हणजे सोळाने बावन्नास जवळजवळ पावणेतीन पटींनी मागे टाकले!

आता घरातील इंटरनेटकडे वळू. '१००' हा आकडा पाहून पालक जोडणी घेतात आणि प्रत्यक्षात सेकंदाला बाराच मेगाबाइट उतरतात हे पाहून फसवणूक झाल्याचे म्हणतात. वस्तुतः तो आकडा मेगाबिटांचा असतो. आठ बिटांचा एक बाइट. म्हणून १०० मेगाबिट म्हणजे साडेबारा मेगाबाइट. याच मापाने आपला ५२ पटींचा जुना ड्राइव्ह मोजला, तर तो सुमारे ६४ मेगाबिट भरतो. जुने आणि नवे एका तागडीत घातल्यावरच खरी तुलना होते.

खंडीसारखी गत खुद्द मेगाबाइटाचीही आहे. कोणी तो १०,००,००० बाइटांचा मानतो, कोणी १०,४८,५७६ बाइटांचा. '१.४४ मेगाबाइट' म्हणून विकल्या गेलेल्या फ्लॉपीत १,४४० गुणिले १,०२४, म्हणजे १४,७४,५६० बाइट मावत. हा मेगाबाइट तर दोहोंपैकी कोणताच नव्हे! हा गोंधळ मिटावा म्हणून १९९८ साली १,०२४ च्या पटींस किबी, मेबी अशी स्वतंत्र नावे देण्यात आली. पण व्यवहारात ती अद्याप पुरती रुजलेली नाहीत.

"हे रूपांतर यंत्र क्षणात करते, मुलांनी कशाला शिणावे?" असे कोणी म्हणेल. यंत्र गुणाकार करील, यात शंका नाही. परंतु बिट सांगायचे की बाइट, हे त्याला आपणच सांगावे लागते. तेथे चूक झाली, तर यंत्र चुकीचे उत्तरही तितक्याच तत्परतेने देते. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, तेव्हा आणा सव्वासहा नव्या पैशांचा झाला आणि लोकांच्या हाती तयार कोष्टके आली. त्यांत एका आण्यास ६ नवे पैसे होते, तर तीन आण्यांस १९. तीन वेळा सहा म्हणजे अठरा; मग हा एक पैसा आला कोठून? ज्याला सव्वासहा ठाऊक होते त्यालाच ते उमगले. कोष्टकाने उत्तर मिळते, पण समज येत नाही.

म्हणून पालकांस आमची विनंती आहे, की एकक राहिल्यामुळे गेलेल्या अर्ध्या गुणासाठी मुलाची बाजू घेऊ नये. आणि विद्यार्थिमित्रांनो, दुकानात, जाहिरातीत वा परीक्षेत कोणी मोठा आकडा पुढे केला, की दिपून न जाता एवढेच विचारा : "कशाचे?" हा प्रश्न विचारणारा सहसा फसत नाही आणि दुसऱ्यासही फसवीत नाही.