कपिकच्छू आणि ‘अँटिऑक्सिडंट’ हा शब्द

कंपवाताच्या रुग्णास हळद, आमलकी, अश्वगंधा यांपैकी काहीही ‘अँटिऑक्सिडंट’ म्हणून द्यावे आणि त्याच पंक्तीत कपिकच्छूही बसवावी, असा प्रघात व्यवसायात रूढ होत आहे. या सरमिसळीस आमचा आक्षेप आहे.

पार्किन्सन्सच्या व्याधीत मेंदूतील डोपामीन निर्माण करणाऱ्या पेशींचा क्षय होतो आणि त्यात ऑक्सिडीकरणाचा वाटा असतो, हे मान्य. परंतु त्यावरून अँटिऑक्सिडंट दिल्याने क्षय थांबतो, असे ठरत नाही. उत्तर अमेरिकेत ८०० रुग्णांवर झालेल्या चाचणीत ई जीवनसत्त्व निरुपयोगी ठरले (१९९३). कोएन्झाइम क्यू-१० ची गतही २०१४ मध्ये तीच झाली. वसमतच्या हळदीचा आम्हांस अभिमान आहे (१९९९ पर्यंत वसमत आपल्याच जिल्ह्यात होते), पण कुर्क्युमिन आतड्यातून फारसे शोषलेच जात नाही.

कपिकच्छूची, म्हणजे आपल्या खाजकुहिलीची, गोष्ट निराळी. तिच्या बीजात लेव्होडोपा असल्याचे दामोदरन व रामस्वामी या भारतीय संशोधकांनी १९३७ मध्येच दाखविले. लंडन येथील २००४ च्या अभ्यासात ३० ग्रॅम बीजचूर्णाचा परिणाम सुमारे ३५ मिनिटांत दिसू लागला; नेहमीच्या गोळ्यांना सुमारे ६९ मिनिटे लागली. रुग्ण अवघे आठ होते, हे विसरू नये. तथापि हे कार्य लेव्होडोपाचे आहे, आणि लेव्होडोपा मोजूनच द्यावा लागतो. बीजात तो ३ टक्के असेल तर १० ग्रॅम चूर्णातून ३०० मिलिग्रॅम मिळतो, ६ टक्के असेल तर दुप्पट. शिवाय बीज उकळल्याने त्याचे प्रमाण घटते. तेव्हा गोदुग्धात स्वेदन करून शुद्ध केलेले बीज आणि कच्चे बीज यांची मात्रा एक कशी मानावी? वेष्टनावर ‘शुद्ध कपिकच्छू’ एवढेच छापणाऱ्या उत्पादकाकडे औषधी दुकानदारांनी प्रत्येक बॅचचा लेव्होडोपा-विश्लेषण अहवाल मागावा. तो मिळत नसेल तर माल परत करावा.

नांदेडला किंवा छत्रपती संभाजीनगरला मेंदूविकारतज्ज्ञांकडे जाऊन आलेला जिंतूर-गंगाखेडचा रुग्ण पुढे कित्येक महिने आपल्याच दारी येतो. तो लेव्होडोपा-कार्बिडोपाच्या गोळ्या घेत असल्यास त्यांतील कार्बिडोपामुळे कपिकच्छूतील लेव्होडोपाही अधिक प्रमाणात मेंदूत पोहोचतो. त्यातून अनैच्छिक हालचाली, उभे राहताना रक्तदाब घसरणे, भ्रम असे उपद्रव संभवतात. ‘नैसर्गिक’ औषध मिळाले म्हणून त्याने गोळ्या एकाएकी सोडल्या, तर तीव्र ज्वर व शरीर ताठरणे इथपर्यंत प्रसंग येऊ शकतो. कपिकच्छू द्यावयाचीच, तर मूळ वैद्यकीय पत्र पाहून आणि संबंधित तज्ज्ञांस कळवूनच द्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. लोहकल्प चालू असल्यास दोहोंत काही तासांचे अंतर ठेवावे, कारण लोहक्षार लेव्होडोपाचे शोषण कमी करतात. दुधाच्या अनुपानाचाही विचार करावा. प्रथिनयुक्त आहारामुळे लेव्होडोपाच्या कार्यास बाधा येते.