सोंग कुणाचं, परवानगी कुणाची?

गुढीपाडव्याच्या सकाळी गिरगावात शोभायात्रा निघते. नऊवारी, नाकात नथ, डोक्याला फेटा, डोळ्यांवर काळा गॉगल आणि हाताखाली बुलेट अशा थाटातल्या बायका भर रस्त्याच्या मधोमध जातात. दुतर्फा गर्दी, टाळ्या. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत त्यांचेच फोटो. त्याच गिरगावातली एखादी कॉलेजातली पोरगी निळ्या केसांचा टोप घालून, फोमची तलवार पाठीला बांधून चर्नी रोडला लोकल पकडते, तेव्हा मात्र डबाभर नजरा तिला सोलून काढतात. 'हे काय सोंग?' असं कुणीतरी मोठ्यानेच म्हणतं.

दोघींनीही सोंगच आणलेलं आहे. मग एकीला टाळ्या आणि दुसरीला टोमणे, हा हिशेब कोण ठरवतं?

या दुसऱ्या प्रकाराला 'कॉस्प्ले' म्हणतात. आवडत्या चित्रकथेतलं, ॲनिमेतलं, सिनेमातलं पात्र निवडायचं, त्याचा वेश स्वतः घडवायचा आणि तो घालून लोकांत मिसळायचं. शब्द जपानी, १९८०च्या दशकातला. भारतात २०११ साली दिल्लीत पहिलं 'कॉमिक कॉन' भरलं, पुढे मुंबईतही भरू लागलं. सुरुवातीला मूठभर पोरापोरींचा हा छंद होता. आता तिथे तिकिटांच्या रांगा लागतात, बक्षिसं लागतात, आणि २०२४ साली हा कॉमिक कॉनचा धंदा सुमारे ५५ कोटी रुपयांना विकला गेला. पाडव्याच्या मिरवणुकीचंही तसंच. १९९९ साली डोंबिवलीत नववर्ष स्वागतयात्रा सुरू झाली, तिचं लोण गिरगावसह सगळीकडे पसरलं. शिवलेली तयार नऊवारी दादरच्या दुकानांत टांगलेली मिळते, भाड्यानेही मिळते.

आपल्या चळवळीतल्या मैत्रिणींशी या विषयावर बोलायला गेलं की दोन उत्तरं येतात. एक, 'हे सगळे बाजाराचे चोचले. तोकड्या कपड्यांतली ती पात्रं पुरुषांनी पुरुषांसाठी काढली, आणि आपल्या पोरी ती अंगावर चढवतात.' दुसरं, 'त्यापेक्षा शोभायात्रा बरी, निदान बाई रस्त्यावर तरी येते.' मला ही दोन्ही उत्तरं घाईची वाटतात.

पहिल्या उत्तरात तथ्य नाही असं नाही. 'डीमन स्लेयर' मालिकेतली नेझुको हे मुलींचं लाडकं पात्र आहे, आणि तिच्या तोंडात कायम बांबूचं नळकांडं असतं. बाईच्या तोंडाला बूच, तेही गुलाबी किमोनोवर शोभेल असं! यावर त्या मुलींशी भांडायला मला आवडेल. पण भांडायचं म्हणजे त्यांच्या शेजारी बसून. १९९६ साली बंगलोरच्या विश्वसुंदरी स्पर्धेला स्त्री-संघटनांनी विरोध केला होता, तो आठवा. आपण बाईच्या देहाच्या बाजाराविरुद्ध बोलत होतो आणि रस्त्याच्या त्याच कडेला 'भारतीय संस्कृती भ्रष्ट होते' म्हणणारे उभे होते. वर्तमानपत्रांनी दोन्ही आवाज एकाच मथळ्याखाली घातले. आपला मुद्दा त्यांच्या घोषणेत बुडाला. आज कॉस्प्ले करणाऱ्या पोरीला 'हे काय अंगावर' असं आपण म्हटलं, तर पुन्हा त्याच कडेला जाऊन उभ्या राहू.

आता दुसरं उत्तर. शोभायात्रेत बाई रस्त्यावर येते, हे खरं. पण कुणाच्या वेशात? जिजाऊ, झाशीची राणी, अहिल्याबाई, सावित्रीबाई. थोर बायका, यात शंका नाही. पण यादी आधीच ठरलेली आणि पात्रं धुऊनपुसून घेतलेली. पुण्यात शाळेत जाताना सावित्रीबाईंवर लोक शेण फेकत, म्हणून त्या बदलायला दुसरं लुगडं जवळ ठेवत, हे आपण पोरींना सांगतो. चित्ररथावरच्या सावित्रीबाईंच्या पदरावर ते शेण सहसा दिसत नाही. ते दिसलं तर फेकणारे कोण होते, हा प्रश्न टाळ्यांच्या मध्येच उभा राहील.

आणि नऊवारी? लालबाग-परळच्या गिरण्यांत १९२०च्या दशकात साधारण पाच कामगारांमागे एक बाई होती. वाइंडिंग-रीलिंग खात्यांत कासोटा घालून उभ्या असणाऱ्या त्या बायकांचा तो कामाचा कपडा होता. पुढे त्याच बायका पहिल्यांदा खात्यांतून कमी झाल्या. १९८२चा संप झाला, गिरण्या गेल्या, फिनिक्स मिलचा मॉल झाला. कामाचा कपडा सणाचा पोशाख कधी झाला ते कुणी विचारलंही नाही. ज्या दिवशी ती बाई गिरणीतून निघाली त्या दिवशी तिच्यामागे ढोल-ताशे नव्हते.

सोंगाची परवानगी पुरुषाला मात्र याच वस्तीत कधीच कमी पडली नाही. कोकणातून गिरणगावात आलेल्या चाकरमान्यांच्या दशावतारात बाईचं पात्र पुरुषच करत. बालगंधर्वांचं नेसणं आणि दागिने घरंदाज बायका हौसेने उचलत. म्हणजे पुरुषाने बाई कशी दिसावी ते दाखवायचं आणि बाईने ते गिरवायचं. १९१३ साली फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' गिरगावात कॉरोनेशन सिनेमात लागला. त्यातली तारामती होते अण्णा साळुंके, कारण पडद्यावर यायला बाई तयार होईना. बाई तयार होईना असं इतिहास सांगतो. आलेल्या बाईचं समाज काय करत असे ते तो त्याच दमात सांगत नाही. तरी त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्याच.

दादरला त्या सिनेमाचं काम चाललं तेव्हा सरस्वतीबाई फाळके काय करत होत्या? दागिने गहाण पडले ते त्यांचे. सगळ्या ताफ्याचं जेवण त्यांनी रांधलं आणि रात्री फिल्म धुण्याच्या रसायनांत हातही त्यांनीच घातले. 'चित्रपटाचे जनक' एकटे फाळके. कॉस्प्लेच्या इतिहासातही हेच. १९३९ साली न्यूयॉर्कच्या पहिल्या जागतिक विज्ञानकथा संमेलनात फॉरेस्ट ॲकरमन भविष्यकाळातला माणूस बनून आला आणि या खेळाचा आद्यपुरुष ठरला. त्याचा आणि स्वतःचाही पोशाख शिवून, तो घालून सोबत चालणाऱ्या मर्टल डग्लसचं नाव कित्येक वर्षं कुणाच्या तोंडी नव्हतं.

आज शिवतं कोण? काही मुली मंगलदास मार्केटमधून कापड, अब्दुल रहमान स्ट्रीटवरून लेस-मणी आणून रात्ररात्र जागून स्वतः घडवतात. या कष्टाला हात जोडावेत. पण हौस जसजशी बाजारात शिरते, तसतसं शिवणकाम चाळीतल्या, नगावर काम घेणाऱ्या बाईकडे सरकतं. तयार नऊवारीचंही तेच. पाडव्याआधी रात्री मशीन चालते तिची, दुकानावर नाव मालकाचं. आपल्या संघटनांनी या बायकांपर्यंत जायला हवं. एका नऊवारीला दुकान किती घेतं आणि शिवणारीच्या हातात किती पडतात, एवढं जरी चार वस्त्यांत विचारून काढलं तरी पुष्कळ.

दुसरं काम अंगाला लागणाऱ्या हातांचं. वेश घातलेल्या मुलीचा फोटो न विचारता काढणं, कमरेत हात घालून उभं राहणं, मागे मागे फिरणं, हे या मेळाव्यांत जगभर चाललं. म्हणून मुलींनीच 'पोशाख म्हणजे संमती नव्हे' अशी मोहीम काढली. २०१४ साली न्यूयॉर्कच्या मेळाव्यात तसे फलकच लागले. हा शब्द आपल्याला नवा आहे का? मथुरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडलं, कारण मुलीच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नव्हत्या. त्यावर १९८० साली मुंबईतल्या बायका एकत्र आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. संमती म्हणजे काय हे या शहरातल्या रस्त्यावर आपण घसा फोडून सांगितलं आहे. ते या पोरींना कुणी सांगितलेलं नाही, आणि त्यांचा फलक आपण वाचलेला नाही.

कायदा आज हाताशी आहे. भारतीय न्याय संहितेत कलम ७५ लैंगिक छळासाठी आणि ७८ पाठलागासाठी आहे. कामाच्या ठिकाणच्या छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यात तक्रार करणारी बाई तिथे नोकरीलाच असावी अशी अट नाही. छळणारा बाहेरचा असला आणि बाईची इच्छा असली, तर तिला पोलीस तक्रारीसाठी मदत करणं हेही त्या कायद्याने मालकाचं काम आहे. तिकिटं विकणाऱ्या आयोजकांना हे ठणकावून विचारा: समिती कुठे आहे, तिचा फलक प्रवेशद्वारावर का नाही? आणि मिरवणूक काढणाऱ्या मंडळांनाही विचारा. तिथे तर तिकीटच नसतं, म्हणून जबाबदारीही कुणाची नसते. धक्का मारणाऱ्याला नऊवारी आणि निळा टोप यांतला फरक कळत नाही.

येत्या पाडव्याला गिरगावात फडके गणपती मंदिराच्या आसपास आणि पुढच्या कॉमिक कॉनच्या दारात, अशा दोन्ही ठिकाणी आपलं टेबल लागलं पाहिजे. मराठीतली कायद्याची पत्रकं, एक वही, एक फोन, पाळीपाळीने बसणाऱ्या चारजणी. यायला तयार असणाऱ्यांनी नावं कळवावीत. सोंग आणून आलात तरी चालेल.