भाकरी मोजावी की सोडावी?

आमच्या वसतिगृहाच्या मेसमध्ये गेल्या वर्षभरात दोन पंथ निर्माण झाले आहेत. पहिला पंथ मोजणाऱ्यांचा. ताट पुढ्यात आले की ही मंडळी आधी मोबाइल काढतात. दोन पोळ्या, एक वाटी वरण, अर्धी वाटी भात अशी नोंद करतात आणि दिवसाच्या ठरलेल्या कॅलरींतून वजाबाकी झाल्यावरच पहिला घास उचलतात. दुसरा पंथ सोडणाऱ्यांचा. ह्यांना आकड्यांशी देणेघेणे नाही. पोळी, भात, बटाटा, साखर ह्यांना त्यांनी कायमची रजा दिली आहे. अंडी, पनीर आणि काकडी ह्यांवर त्यांचा संसार चालतो. पहिल्यांना वाटते दुसरे अडाणी आहेत. दुसऱ्यांना वाटते पहिले उपाशी मरणार आहेत. वाद असा रंगतो की ताटातले वरण निवून जाते.

मीही बरेच दिवस ह्या वादाकडे करमणूक म्हणून पाहत होते. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले आणि ती करमणूक संपली.

आमचे गाव मंगळवेढ्याच्या बाजूचे. काळ्या मातीचे आणि ज्वारीचे. आईला चार वर्षांपूर्वी मधुमेह निघाला. पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या मामेभावाने तिला मोबाइलवर एक चित्रफीत पाठवली आणि फोन करून सांगितले, "आत्या, भाकरी बंद कर. महिन्यात साखर उतरते." भाचा शिकलेला, काळजीने सांगणारा, आईने ऐकले. भाकरी बंद केली आणि नुसते कोरड्यास, ताक, शेंगाचटणी ह्यांवर ती राहू लागली. साखर उतरवणारी गोळी मात्र रोजच्यासारखी घेत राहिली, कारण गोळीचे काय करायचे हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. चौथ्या दिवशी खुरपता खुरपता तिला दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली. शेजारच्या काकूंनी तोंडात गुळाचा खडा घातला म्हणून निभावले.

तालुक्याच्या डॉक्टरांकडे मी बरोबर गेले होते. मला वाटले, ते भाकरी सोडल्याबद्दल रागावतील. पण ते शांतपणे म्हणाले, "मावशी, भाकरी कमी करणं चुकीचं नाही. पण ही गोळी तुमच्या तीन भाकरींच्या हिशेबानं दिलेली. भाकरी काढून घेतली अन् गोळी तशीच ठेवली, तर साखर जाणार कुठं? खालीच जाणार. आधी मला विचारायचं, मग ताट बदलायचं." आई एवढेच म्हणाली, "भाकरीशिवाय जेवल्यासारखंच वाटत न्हाई, डॉक्टर."

त्या दिवसापासून आमच्या मेसमधला वाद मला निराळा दिसू लागला. कोणता पंथ श्रेष्ठ, हा प्रश्नच मुळात अपुरा आहे. कोणाच्या ताटासाठी, हा शब्द त्यात राहून गेला आहे.

ह्या दोन्ही गोष्टी मोबाइलने जन्माला घातल्या असे आपल्याला वाटते. ते खरे नाही. लंडनमध्ये अंत्यविधीची व्यवस्था पाहण्याचा धंदा करणाऱ्या विल्यम बँटिंग ह्या गृहस्थाने १८६३ साली लठ्ठपणावर एक पत्रवजा पुस्तिका छापली. डॉक्टरांच्या सल्ल्यावरून त्याने पाव, साखर, बिअर आणि बटाटे सोडले होते आणि वर्षभरात सुमारे ४६ पौंड वजन घटवले होते. पुस्तिका इतकी गाजली की काही काळ त्याचे आडनावच इंग्रजीत क्रियापद होऊन बसले. पुढे १९७२ साली अमेरिकेतील डॉ. रॉबर्ट ॲटकिन्स ह्यांच्या पुस्तकाने हाच विचार नव्याने घरोघरी नेला.

मोजणाऱ्यांची परंपराही जुनीच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विल्बर ॲटवॉटर ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने माणसाला एका बंद खोलीवजा यंत्रात ठेवून त्याच्या शरीरातून निघणारी उष्णता मोजली. एक ग्रॅम पिष्टमय पदार्थात ४, एक ग्रॅम प्रथिनात ४ आणि एक ग्रॅम स्निग्धात ९ कॅलरी, हा आजही चालणारा हिशेब त्याच्याच कामातून रूढ झाला. १९१८ साली लूलू हंट पीटर्स ह्या अमेरिकन डॉक्टरबाईंनी तो हिशेब पुस्तकातून सामान्य बायकांच्या हाती दिला आणि वजन घटवण्यासाठी दिवसाला १२०० कॅलरी हा आकडा सुचवला. आज शंभरावर वर्षे लोटली, तरी तोच आकडा आपल्या मैत्रिणींच्या मोबाइलवर दिसतो.

मग दोहोंत सरस कोण? पोळी-भात सोडणाऱ्यांचे पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरतात आणि ते विजयोत्सव करतात. पण शरीर पिष्टाचा जो साठा करते, त्याच्या एका ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवते. साठा संपला की ते पाणीही जाते. तेव्हा पहिले दोन किलो बरेचसे पाण्याचे असतात, चरबीचे नव्हेत. पुढचे वजन उतरते ते मुख्यतः एकूण खाणे कमी झाल्यामुळे. प्रथिनांनी पोट लवकर भरते, आणि पोळी गेली की पोळीबरोबरचे तूप-साखरही जाते. म्हणजे सोडणाराही न मोजता कमीच खात असतो.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने ६०९ प्रौढांवर वर्षभर केलेला एक प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांनी स्निग्ध कमी केले, निम्म्यांनी पिष्ट कमी केले. कॅलरी मोजायला कोणालाच सांगितले नव्हते. भाज्या भरपूर खा, साखर आणि मैदा टाळा, एवढे दोघांनाही सांगितले होते. वर्षाअखेरी एका गटाचे सरासरी ५.३ किलो आणि दुसऱ्याचे ६ किलो वजन उतरले. हा फरक शास्त्राच्या दृष्टीने नगण्य. त्याआधी २००५ साली चार निरनिराळ्या आहारपद्धतींची तुलना झाली होती, तिचाही निष्कर्ष असाच होता: पद्धत कोणती ह्यापेक्षा माणूस ती किती नेटाने पाळतो, ह्यावर वजन अवलंबून राहिले. मधुमेहाचे मात्र थोडे वेगळे आहे. मुख्यतः पिष्टाची रक्तात साखर होते; म्हणून मधुमेह्याने पिष्ट कमी करण्याला निश्चित अर्थ आहे. माझा मामेभाऊ अगदीच चुकला नव्हता. त्याचा सल्ला अर्धा होता, आणि अर्धा सल्ला गोळीबरोबर पोटात गेला.

आता मोजण्याविषयी. माझ्या खोलीतली मैत्रीण मुळातच सडपातळ. तरी तिने १२०० चा आकडा धरला. दोन महिन्यांत तिचे केस गळू लागले, पाळी चुकू लागली. अर्थशास्त्राच्या तासाला ती वहीच्या मागच्या पानावर कॅलरींची बेरीज करीत बसे. मेसच्या काकूंना ती रोज विचारी, "काकू, भाजीत तेल दोन पळ्या की तीन?" आणि काकू म्हणत, "अगं, शंभर पोरींच्या भाजीला मी पळ्या मोजत नाही." ह्या उत्तरात मोजणीची सगळी मर्यादा आली. पाकिटावर छापलेला आकडा मोजता येतो. काकूंच्या पातेल्यातला येत नाही. ह्या सुट्टीत मी आईच्या एका भाकरीचे पीठ किराणा दुकानातल्या काट्यावर तोलून पाहिले. ते ८० ग्रॅम भरले. म्हणजे सुमारे २७० कॅलरी. मोबाइलमध्ये 'एक भाकरी' म्हणून धरलेला आकडा त्याच्या निम्माच होता.

आणि आकड्याचा ध्यास काय करतो हेही नोंदलेले आहे. १९४४-४५ साली अमेरिकेतील मिनेसोटा येथे ३६ निरोगी तरुणांना सुमारे चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवून अभ्यास करण्यात आला. त्यांना दिवसाला सुमारे १५७० कॅलरी मिळत. ते पुरुष होते, चालतही पुष्कळ होते, त्यामुळे तुलना जशीच्या तशी लागू पडणार नाही. पण ते तरुण खिन्न झाले, दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागले, काहींनी तर पाककृतींची पुस्तके जमवली. वहीच्या मागच्या पानावरची ती बेरीज मला तेव्हा नीट समजली.

वजनाचा काटादेखील आपल्याला फसवतो. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन ह्यांचे एक छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट' ह्या नियतकालिकात छापून आले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, निर्देशांक दोघांचाही २२.३. पण शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपण भारतीय बारीक दिसतो, तरी आत चरबी बाळगून असतो. म्हणून बारीक माणसालाही मधुमेह गाठतो. आईला तो निघाला तेव्हा शेजारीपाजारी म्हणाले होते, "एवढीशी बाई, हिला कशी साखर झाली?" उत्तर हे असे आहे. नुसती भूक मारून काटा खाली आणला, तर चरबीबरोबर स्नायूही झिजायचे.

राहता राहिला पैशाचा प्रश्न, आणि आम्हा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी तो विसरणे बरे नव्हे. जानेवारी २०२३ पासून शिधापत्रिकेवर बहुतेक पात्र कुटुंबांना माणशी महिना पाच किलो धान्य फुकट मिळते. त्यातून दिवसाला माणशी साडेपाचशेच्या वर कॅलरी येतात, त्या मुख्यतः पिष्टाच्या. डाळ, अंडी, पनीर फुकट मिळत नाही. ज्या घरात ज्वारी शेतात पिकते आणि तांदूळ दुकानातून फुकट येतो, त्या घराला "पिष्ट सोडा" असे सांगणे म्हणजे जे फुकट आहे ते टाका आणि जे महाग आहे ते विकत घ्या, असे सांगणे आहे. आमच्या मेसमधल्या सोडणाऱ्यांचे पनीर त्यांच्या वडिलांच्या खिशातून येते. त्यात गैर काही नाही. पण त्याला सर्वांसाठीचे शास्त्र म्हणू नये.

तरीही आपल्या ताटात धान्य फार झाले आहे हे नाकारता येत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार दिवसाच्या कॅलरींपैकी धान्यातून ४५ टक्क्यांपेक्षा अधिक येऊ नयेत; आपल्याकडे त्या ५० ते ७० टक्के येतात. म्हणजे धान्य सोडायचे नाही, हटवायचे आहे. आणि हटवलेल्या जागी डाळ, उसळ, शेंगा, भाजी बसवायची आहे.

माझे मत विचाराल तर असे आहे. निरोगी माणसाने पंधरा दिवस जरूर मोजावे, पण शिकण्यासाठी. तेलाचा एक लहान चमचा ४५ कॅलरींचा असतो, शेंगदाण्याच्या १०० ग्रॅममध्ये पाचशेच्या वर असतात, हे एकदा कळले की वही मिटावी. जन्मभर मोजणारा जेवत नाही, जमाखर्च लिहितो. त्यानंतर ताटात अदलाबदल करावी: एक भाकरी कमी, एक वाटी उसळ जास्त. जी पद्धत पुढच्या दिवाळीतही पाळता येईल आणि घरातल्या सर्वांना एकाच चुलीवर परवडेल, तीच आपली. जो गोळी किंवा इन्सुलिन घेतो, त्याने डॉक्टरांना विचारल्यावाचून ह्यातले काहीही करू नये. आणि जिला वजन घटवण्याची गरजच नाही, त्या माझ्या मैत्रिणीने दोन्ही पंथांचा राजीनामा द्यावा. तिने तो दिला आहे; हल्ली ती काकूंना तेलाचे विचारीत नाही, भाजी आणखी आहे का एवढेच विचारते.

आई आता एका वेळी दीड भाकरी खाते. डॉक्टरांनी गोळी निम्मी केली आहे आणि दर महिन्याला रक्त तपासायला सांगितले आहे. साखर अजून हवी तेवढी उतरलेली नाही. वेळ लागेल असे ते म्हणतात. परवा फोनवर तिला विचारले, "जेवलीस का?" तर म्हणाली, "जेवले. मटकी केलती, वाटीभर खाल्ली. भाकर दीडच." मग थोडे थांबून म्हणाली, "पण भाकर हाय बघ ताटात."