मालीश नव्हे हो!

भाचीला फिजिओथेरपीला जायचंय. ताईचा फोन, "अरे, पाच वर्षं शिकून ही काय लोकांचं मालीश करणार का?"

पूर्वी साडेचार वर्षं होती. २०२५च्या नव्या अभ्यासक्रमात इंटर्नशिप धरून पाच झाली. त्यात अ‍ॅनाटॉमी आहे, फिजिऑलॉजी आहे, बायोमेकॅनिक्स आहे. देशातली पहिली फिजिओथेरपीची शाळा मुंबईत के.ई.एम.ला १९५३ साली निघाली, म्हणजे सत्तर वर्षं उलटून गेली. आणि आपण अजून मालीशवरच!

पण ताईला काय हसायचं? गेल्या वर्षी लॅपटॉपपुढे वाकून वाकून माझी मान धरली. फिजिओथेरपिस्टने अर्धा तास नुसते प्रश्न विचारले, मान वळवून बघितली, हात उचलायला लावले. मी आपला मशीन कधी लावतात त्याची वाट बघतोय. शेवटी हनुवटी मागे ओढायचा एक व्यायाम मिळाला. एवढ्याचे पैसे? मनात आलंच. (आम्ही मात्र एका ओळीचा बग शोधायला दोन दिवस लावतो आणि दोन्ही दिवसांचं बिल लावतो.)

माझ्या मते गोची इथेच आहे. गिऱ्हाईक मशीनला पैसे देतं, डोक्याला नाही. मग हॉस्पिटलं तरी नव्या पोरांना पगार कशाला देतील?

भाचीला हे सगळं सांगितलं. सुरुवातीची वर्षं ओढाताणीची जातील, हेही. तरी जायचंय म्हणते. मी ताईला "जाऊ दे" म्हटलंय. ताई अजून गप्प आहे.

व्यायाम? तिसऱ्या आठवड्यात सोडला. मान परत धरलीय.