शोकात्मिकेतील अपराधी : ‘सैराट’च्या समीक्षेविषयी

नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ला (२०१६) ‘मराठीतील रोमिओ-ज्युलिएट’ म्हणण्याची प्रथा दिसते तितकी निरुपद्रवी नाही. या उपमेबरोबर शोकात्मिकेची एक तयार चौकट येते आणि प्रेमिकांच्या मृत्यूला जबाबदार कोण, या प्रश्नाचे उत्तरही तीच परस्पर देऊन टाकते : कधी नियती, कधी तारुण्याचा उतावीळपणा, तर कधी आर्चीने आईला केलेला दूरध्वनी.

या गोंधळाच्या मुळाशी ‘हॅमर्शिया’चा विपर्यास आहे. अ‍ॅरिस्टॉटलने ही संज्ञा दुष्टतेपासून काळजीपूर्वक वेगळी ठेवली होती. तिचे ‘स्वभावदोष’ असे सरसकट भाषांतर झाले, की चूक करणारी व्यक्तीच अपराधी ठरते. फादर लॉरेन्सचे पत्र साथीच्या संशयामुळे मांटुआला पोचत नाही. आर्चीच्या दूरध्वनीमुळे माहेरला पत्ता लागतो. हे कथानकाचे दुवे होत. अपराधाचा निवाडा त्यांवरून होत नाही. शेक्सपिअरपूर्वी, १५६२ मध्ये, आर्थर ब्रूकने आपल्या काव्याच्या प्रस्तावनेत वडीलधाऱ्यांचा सल्ला झुगारणाऱ्या प्रेमिकांनाच दोष दिला होता. आर्चीच्या ‘चुकी’चा शोध घेणारी समीक्षा ब्रूकच्याच पंक्तीत जाऊन बसते.

मुळात ही तुलनाच लंगडी आहे. व्हेरोनातील दोन्ही घराणी तोलामोलाची आहेत. म्हणूनच मुलांच्या कलेवरांवर त्यांचा समेट होऊ शकतो. पाटलांची आर्ची आणि पारधी कुटुंबातला परश्या यांच्यामध्ये वैर नाही, उतरंड आहे. वैर मिटते; उतरंडीला समेटाची गरजच भासत नाही. ज्युलिएट स्वतःच्या हाताने मरते, आर्चीला तिचा भाऊ आणि नातलग मारतात. आत्महत्या आणि हत्या यांतील हा भेद पुसून टाकणाऱ्या चौकटीला सौंदर्यशास्त्रीय म्हणता येईल. निष्पाप म्हणता येणार नाही.

मग अपराधी कोण? चित्रपटाने हे लपवलेले नाही. भर वर्गात शिक्षकाच्या थोबाडीत मारणाऱ्या प्रिन्सला कोणी जाब विचारत नाही. पोलीस ठाण्यात प्रेमाला बलात्काराच्या तक्रारीचे रूप दिले जाते. घर, महाविद्यालय, पोलीस ठाणे या प्रत्येक पायरीवर प्रिन्सला एकच आश्वासन मिळत जाते : तुझे काही बिघडणार नाही. शेवटची हत्या ही त्या थपडेचीच परिणती आहे.

‘सारा समाजच दोषी’ हे वाक्य म्हणूनच दुसरी पळवाट ठरते. सर्वच दोषी असले, की कोणीच दोषी उरत नाही. व्हेरोनाचा राजपुत्रदेखील निदान स्वतःच्या डोळेझाकीची कबुली देतो. दिवाळीनंतर गोंदिया जिल्ह्यातील प्रतापगडाच्या मुलखात मंडई भरतात, झाडीपट्टीची नाटके रात्रभर चालतात. तिथल्या प्रेक्षकांत एकमेकांना ओळखणारी माणसे बसलेली असतात. त्यांच्यापुढे ‘समाज’ हा शब्द अधांतरी राहू शकत नाही. त्याला घर, आडनाव आणि नाते असते. समीक्षेनेही तो तितक्याच नेमकेपणाने वापरला पाहिजे.

आर्चीचा दूरध्वनी हा तिचा ‘हॅमर्शिया’ आहे, असे उत्तरपत्रिकेत लिहिणारा विद्यार्थी पूर्ण गुण मिळवील. आईशी बोलावेसे वाटणे हा मृत्युदंडास पात्र दोष आहे, हेही तो त्याबरोबर शिकेल. शेवटच्या प्रसंगात चित्रपट आवाज बंद करतो आणि रक्ताची पावले उमटवत जाणारे मूल दाखवतो. त्या शांततेत समीक्षेने नियतीचे पार्श्वसंगीत भरू नये.